पिवळ्या हातांचा पक्षी

दर गुरुवारी शेवटचे दोन तास माझ्या वर्गात हस्तकला असते. त्या दोन तासांत कोणी दार वाजवायचं नाही, अगदी मोठ्या बाईंनीसुद्धा नाही, एवढा माझा शाळेत दरारा आहे. सव्वीस वर्षं मी दुसरीलाच शिकवते आहे. अंड्यांच्या ट्रेचे सुरवंट, कागदी ताटल्यांचे मासे, जुन्या मोज्यांच्या बाहुल्या, बटणांची घड्याळं, यातलं काहीही मी प्रशिक्षणात मिळालेल्या फायलींमधून उचललेलं नाही. त्या फायली मी उघडतसुद्धा नाही. माझ्या वर्गाच्या भिंती बघायला दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिका येतात, फोटो काढतात आणि "तुमची मुलं किती सफाईदार कापतात हो" असं म्हणून जातात.

त्या सफाईचं गुपित आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सात वर्षांची मुलं सफाईदार कापत नाहीत. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुलं घरी गेली की मी दार लोटून घेते आणि सगळ्यांच्या कामावरून हात फिरवते. वाकडा डोळा सरळ करते, डिंकाचे ओघळ पुसते, फाटलेल्या कडा कापून घेते. आणि एखादं काम अगदीच हाताबाहेर गेलं असेल तर ते काढून त्या जागी माझ्या हातचं लावते. खालची नावाची पट्टी मात्र मुलाचीच राहते. आईवडील येतात, लेकराचं नाव वाचतात, खूश होतात. पुष्कळ शिक्षिका हे करतात, विचारलंत तर कानावर हात ठेवतील. यात कुणाचं काय बिघडतं, असं मला पंचवीस वर्षं वाटत आलं होतं.

दुसरी माझी सवय जास्तीच्या संचाची. कुठलंही काम असो, मुलं जितकी तितके संच करून वर एक जास्त करायचा. म्हणजे कागद कापून, पुठ्ठा मापून, दोरा मोजून सगळं एका पाकिटात. कोणीतरी काहीतरी फाडतंच. नाही फाडलं तर संच कपाटात जातो आणि कधीतरी उपयोगी पडतो. माझ्या कपाटात वर्षानुवर्षांचे असे न उघडलेले संच पडून असायचे.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. मी वर्गातल्या सगळ्यांना टोपणनावं देते, कोणी रेडिओ, कोणी उंदीरमामी, कोणी बातमीदारीण. हिला मी सावकाशबाई म्हणायचे. डबा सावकाश, पाढे सावकाश, बुटाच्या नाडीचं तर विचारूच नका. शिवाय डावखुरी. आपल्या कात्र्या उजव्या हातासाठी केलेल्या असतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. त्या डाव्या हातात धरल्या की पाती एकमेकांपासून सुटतात, कागद कापला न जाता मध्येच दुमडतो आणि कड चावल्यासारखी होते. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. हे मला माहीत होतं. सामानाच्या यादीत ती लिहायची दरवर्षी राहून जायची, त्याही वर्षी राहून गेली.

प्रदर्शनासाठी आम्ही पक्षी केले होते. पिवळ्या घोटीव कागदावर मुलांनी स्वतःचे दोन्ही तळवे ठेवून पेन्सिलीने गिरवायचे, कापायचे, आणि ते तळवे पक्ष्याला पंख म्हणून लावायचे. बोटं म्हणजे पिसं. कल्पना माझीच, आणि चांगली होती. सावकाशबाई दोन तास जीभ बाहेर काढून कापत बसली. घंटा झाली तेव्हा ती माझ्याकडे आली. एका हातात तळवे आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत मुळापासून तुटलेला कागदी अंगठा. "बाई, हा चिकटवू का?" मी म्हटलं, "राहू दे, मी बघते." ती गेली. मी बघितलं. बोटं कुरतडलेली, एक पंख लहान, एकाला अंगठाच नाही. मी सगळं चुरगळून डब्यात टाकलं.

माझ्याकडे तळहाताचा एक पुठ्ठ्याचा साचा आहे. माझी भाची सात वर्षांची असताना तिच्या हाताचा काढलेला. ती आता कॉलेजात जाते, साचा अजून सातचाच आहे. बिघडलेल्या कामांसाठी मी तो वापरते. दोन मिनिटांत दोन सुबक पंख कापले, चिकटवले, खाली सावकाशबाईच्या नावाची पट्टी लावली आणि पुढच्या पक्ष्याकडे वळले. दुसऱ्या दिवशी तिची आई प्रदर्शनात त्या पक्ष्यापुढे बराच वेळ उभी होती, एवढं मला ओझरतं आठवतं. मी तेव्हा पलीकडे पाहुण्यांकडून कौतुक करून घेण्यात गुंतले होते.

सुट्टीत सावकाशबाई गेली. ताप आला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी संपलं. मोठ्या बाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर खाली बसले आणि रडले. तिच्या घरी मात्र गेले नाही. काय बोलायचं ते सुचेना, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे धीर झाला नाही.

शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी तिची आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. मधल्या सुट्टीची वेळ होती, वर्ग रिकामा होता. ती शिवणकाम करते, शाळेच्या मागच्या रस्त्याला तिचं एका खोलीचं दुकान आहे आणि दुकानावर घर. मापाची टेप तिच्या गळ्यात तशीच होती, काढायची विसरली असावी. ती म्हणाली, "बाई, तिच्या हातचं काही असलं तर द्याल का? घरी तिने कधी काही केलं नाही. मीच करू दिलं नाही, कापड वाया जायचं."

गेल्या वर्षीच्या भिंती मी अजून उतरवल्या नव्हत्या. पक्षी तिथंच होता, नावासकट. सांगायला हवं होतं. अगदी जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. स्टुलावर चढले, टाचण्या काढल्या आणि तो पक्षी तिच्या हातात दिला. तिने तो ओढणीत गुंडाळून छातीशी धरला आणि मला म्हणाली, "देव तुमचं भलं करो."

त्यानंतरच्या गुरुवारी हे सुरू झालं.

नव्या वर्गात एकतीस मुलं होती. पहिलं काम ताटलीचे मासे, सोपं आणि हमखास जमणारं. मी बत्तीस संच केले, एकतीस वाटले, बत्तिसावा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. घंटा झाल्यावर मासे गोळा केले. माझा नेम असा की प्रत्येक कामामागे त्या दिवसाची तारीख घालते, म्हणून एकेक उलटा करून तारीख घालत गेले. बत्तीस तारखा घातल्या. टेबलाच्या कोपऱ्यावर पाकीट होतं, पण रिकामं.

एका माशावर नाव नव्हतं. शेपटीची कड चावल्यासारखी होती.

कोणीतरी दोन केले असणार, मी म्हटलं, चोर पकडते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कोरे कागद देऊन एक गोल कापायला लावला आणि रांगेतून फिरले. एकतीसही मुलं उजव्या हाताची. कोणाचीच कड तशी येईना. मी कात्री डाव्या हातात धरून स्वतः कापून पाहिलं तेव्हा आली. मग मी तो मासा टेबलाच्या खणात ठेवला, खण लावला आणि गणिताचा तास घेतला.

पुढच्या गुरुवारी सुरवंट. मी जास्तीचं पाकीट कपाटात ठेवून कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये. शेवटी सुरवंट बत्तीस, आणि कपाटातलं पाकीट बसल्या जागी सपाट झालेलं. त्यापुढच्या गुरुवारी मुखवटे. त्या दिवशी मी पाकीट हातातून सोडलंच नाही. एका मुलीच्या मुखवट्याचा दोरा बांधायला दोन्ही हात लागले, तेवढ्यापुरतं ते काखेत धरलं होतं. दोरा बांधून झाला तेव्हा काखेत नुसता कागद होता.  मुलांसमोर खाली बसायचं नाही म्हणून मी फळ्याला टेकून उभी राहिले आणि बेचा पाढा म्हणायला लावला.

वर्ग झाडणाऱ्या मावशींना मी सगळं सांगितलं. शाळेत माझ्याहून जुन्या त्याच. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं मोजण्यात चुकतंय. वय झालं की होतं." मी म्हटलं, "तुम्हीच मोजा." त्यांनी मुखवटे मोजले, परत मोजले, आणि मग झाडू उचलून शेजारच्या वर्गात गेल्या. त्यानंतर गुरुवारी माझा वर्ग त्या सगळ्यात आधी झाडून टाकायच्या, माझ्याशी गप्पा मारायला थांबायच्या नाहीत.

मुलं मात्र निवांत होती. मला त्याचाच जास्त राग यायचा. या वर्गातली बातमीदारीण म्हणजे पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत पोर. कोणी कोणाचा खोडरबर घेतला, कोणी डबा न खाता फेकला, हे सगळं तिच्याकडून मला घरपोच मिळतं. तिला मी एकटीला बोलावून विचारलं, "हे जास्तीचं कोण करतं?"

"ती करते, बाई. तिसऱ्या बाकावरची."

"तिसऱ्या बाकावर दोघंच बसतात."

"हो, जागा ठेवलीय ना." बाई एवढं साधं कसं विचारतात, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "ती खूप हळू करते. म्हणून आम्ही डिंकाची झाकणं लावत नाही, थांबतो."

"कशी दिसते ती?"

"दिसत नाही," बातमीदारीण म्हणाली. "पण आवाज येतो की कात्रीचा."

मी वर्गाकडे पाहिलं. बाकीच्या बाकांवर मुलं दाटीवाटीने बसलेली, तिसऱ्या बाकावर दोघंच, खिडकीकडची जागा मोकळी. गेल्या वर्षी सावकाशबाई तिथंच बसायची. ही मुलं तेव्हा पहिलीत, वरच्या मजल्यावर होती. त्यांना ती कोण हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, आणि मी कोणाला तिथं जागा सोडायला सांगितलेली नव्हती.

मी भिणारी बाई नाही. पण पुढचे सगळे गुरुवार मी कशी वर्गात गेले ते माझं मला माहीत. मुलं कामाला लागली की मी कान देऊन ऐकायचे. एकतीस कात्र्यांच्या कचकचीत एक आवाज वेगळा होता, अडखळत चालणारा, मध्येच थांबणारा, कागद दुमडला की परत मागे येणारा. सगळ्या कात्र्या थांबल्या तरी तो थोडा वेळ चालू राहायचा, आणि वर्गातलं एकही चळवळं पोर तोवर जागचं हलायचं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की बाई गं, पुरे कर, जा. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची, कारण जिवंत होती तेव्हाही मी तिला हेच म्हणत होते.

त्या दरम्यान मला बाहुल्यांच्या नाटकासाठी पडदा शिवून हवा होता. दुसरीकडे टाकता आला असता. तरी पाय तिच्या आईच्या दुकानाकडेच वळले.

दुकानात दोन यंत्रं, एक कापायचं टेबल, दोऱ्यांच्या रिळांची फळी. आणि त्या फळीच्या वर, बरोबर नजरेच्या उंचीवर, काचेच्या चौकटीत तो पक्षी. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पडद्याचं माप घेताना म्हणाली, "पुढची काच पक्की नाही बसवली, बाई. बाजूला सरकते ती. सकाळी दुकान उघडलं की मी तिच्या हाताला हात लावते, मग यंत्रावर बसते."

तिने काच सरकवून मला दाखवलंसुद्धा. आपला रुंद, सुईने टोचलेला तळवा तिने त्या पिवळ्या पंखावर ठेवला. बोटांवर बोटं. माझ्या भाचीच्या हाताचा साचा तो.

"मी तिला फार बोलायचे," ती म्हणाली. "शिवणारणीची मुलगी आणि कात्री धरता येत नाही, म्हणायचे. लोकांसमोर म्हणायचे. आणि मग प्रदर्शनात हे बघितलं. काय कापलंय बघा, एक धागाभर इकडेतिकडे नाही. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, शाबास, तुला तर माझ्याहून बरं येतं. ती काही बोलली नाही. लाजली असेल." तिने काच परत बंद केली. "तुम्ही तिला शिकवलंत, बाई. जाण्याआधी तिला ते आलं, एवढं एक समाधान आहे मला."

मी पडद्याचं कापड तिथं टाकून आले. घरी पोचेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. ती काही बोलली नाही. पोरीला ठाऊक होतं तो पक्षी तिचा नाही. आईची आयुष्यातली पहिली शाबासकी माझ्या कामाला मिळताना तिने उभं राहून ऐकली असेल. हे मी केलं होतं. कोणाचं काय बिघडतं म्हणत केलं होतं.

मग या वर्षीचं प्रदर्शन जवळ आलं. हातांचं कुठलंही काम मी वर्षभर टाळत आले होते, पण मोठ्या बाईंनी फतवा काढला की जिन्याजवळच्या भिंतीवर शाळेचं एक मोठं झाड करायचं, पानं म्हणून सगळ्या वर्गांनी मुलांचे तळवे कापून द्यायचे. मी खूप आढेवेढे घेतले, चालले नाहीत. त्या गुरुवारी मी आयुष्यात पहिल्यांदा मोजून एकतीस कागद कापले. सगळे हिरवे. जास्तीचा एकही केला नाही.

गोळा केले तेव्हा हिरवे एकतीस होते. त्यांच्या खाली एक पिवळा. तसा पिवळा घोटीव कागद वर्षभरात शाळेत आलेला नव्हता. बोटं कुरतडलेली, अंगठा मुळापासून नाही. मध्ये चुरगळल्याच्या घड्या, कोणीतरी हाताने चापून सरळ केलेल्या. मी त्याच्यावर माझा हात ठेवला. माझ्या साच्याहून तो चांगला पेरभर लहान होता. त्याच्यामागे मी तारीख घातली नाही.

मुलं गेल्यावर मी तिसऱ्या बाकासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "माझं चुकलं गं." रिकाम्या वर्गात ते फार पोकळ वाटलं. चुकलं हे तिला सांगून भागणार नव्हतं. ज्या बाईला मी फसवलं होतं ती मागच्या रस्त्याला यंत्रावर बसली होती.

दोन दिवसांनी, शनिवारी दुपारी, मी खणातलं सगळं बुटाच्या खोक्यात भरून दुकानात गेले. तिने पडदा शिवून घडी घालून ठेवला होता. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. तो पक्षी तिच्या लेकीने केलेला नाही, मी केला. ते तळवे तिचे नाहीत, माझ्या भाचीचे आहेत. तिने स्वतः केलेला होता, पण तो नीट झाला नव्हता.

ती यंत्रावरून उठली नाही. सुईखाली कापड तसंच राहिलं. ती म्हणाली, "मग तिने केलेला कुठे आहे?"

"टाकला."

"कधी?"

"त्याच दिवशी. डब्यात."

तिने मान हलवली, एखादं माप ऐकून घ्यावं तशी. मग उठली, फळीवरची चौकट उतरवली, मागचे खिळे एकेक करून उपसले, पक्षी बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. "मला वाटलंच होतं की कापणं फार सफाईदार आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, शिकली." ओरडली असती, हाकलून दिलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

इथंच मी निघायला हवं होतं. पण मला तिचं ते रिकाम्या हातांनी उभं राहणं सोसवेना. मी खोकं उघडून तिच्या टेबलावर ठेवलं. तिने आधी पिवळा तळवा उचलला. एकदाच बोट फिरवलं कडेवरून आणि तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. आपल्या तळव्यावर तो ठेवून तिने मूठ अर्धी मिटली. मग मासा उचलला, मुखवटा उचलला, सुरवंट. शिवणारीण ती, तिला कड वाचता येते, मला काही सांगावं लागलं नाही. तिने मासा उलटा केला. मागे माझ्या अक्षरात या वर्षीची तारीख होती.

ती तारीख तिने पुष्कळ वेळ वाचली.

"बाई, हे चुकून पडलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "तारीख बरोबर आहे."

तिने कसं, कोण, काहीसुद्धा विचारलं नाही. खुर्चीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "गुरुवारी किती वाजता असतो तास?"

मोठ्या बाईंना मी सांगितलं की एक पालक मदतीला येणार आहेत. ती आली ती ठेवणीतला ड्रेस घालून, केस विंचरून, जणू कोणाकडे पाहुणी निघाली आहे. माझी दारं बंद ठेवायची शिस्त मी मोडली. तिला मी तिसऱ्या बाकाजवळ स्टूल ठेवून दिलं, मोकळ्या जागेच्या अगदी शेजारी. मुलांनी तिच्याकडे पाहिलं आणि सरकून घेतलं.

त्या दिवशी गोगलगायी होत्या. पुठ्ठ्याचं अंग, त्यावर गुंडाळलेल्या लोकरीचा शंख, काड्यांची शिंगं. मी बत्तीस संच केले होते, आणि बत्तिसावा त्या मोकळ्या जागेपुढे, तिच्या डोळ्यांसमोर ठेवला. मुलं कामाला लागली. एकाने लोकर गिळायचा प्रयत्न केला, एकीची गोगलगाय दुसरीच्या वेणीला चिकटली, रेडिओने नेहमीप्रमाणे तोंडाचा पट्टा सोडला. मी ओरडत, सोडवत, पुसत फिरत होते आणि कान तिकडेच होते. आई हात मांडीवर ठेवून त्या पाकिटाकडे पाहत बसली होती. पापणी लवू देत नव्हती.

एकेक करून कात्र्या थांबल्या. मी थांबून ऐकलं. काहीच आवाज नव्हता.

घंटा झाली. मुलांनी डिंकाच्या बाटल्यांची झाकणं लावली. वर्षात पहिल्यांदाच, न सांगता, सगळ्यांनी लावली. बातमीदारीण दप्तर पाठीला अडकवून माझ्याजवळून गेली आणि हळूच म्हणाली, "आज ती नव्हती, बाई." आईने ते ऐकलं असावं. मुलांना मी रांगेने बाहेर सोडलं आणि परत आले, तेव्हा ती तशीच बसलेली होती. पाकीट जसंच्या तसं. वरची घडीसुद्धा उलगडलेली नव्हती.

मला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, हे मी लपवत नाही. कित्येक महिन्यांत मला त्या खोलीत असा मोकळा श्वास घेता आला नव्हता. आणि माझ्यासमोर ही बाई बसली होती. तिच्याकडे एक पक्षी होता, तो मी घेतला होता. मग एक आशा दिली होती, ती त्या पाकिटात होती.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, मी आले म्हणून ती आली नाही का? मी बोलायचे म्हणून?"

आता कधी खोटं बोलायचं नाही, असं मी शनिवारी तिच्या दुकानातून निघताना ठरवलं होतं. याचं उत्तर मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही.

"नाही हो," मी म्हटलं. "तसं अजिबात नाही."

"मग पुढच्या गुरुवारी येते," ती म्हणाली, आणि स्टूल उचलून भिंतीशी ठेवायला गेली.